जागा मागायची कशी?

मुंबईच्या लोकलमधला सेकंड क्लासचा बाक तिघांसाठी असतो आणि त्यावर चौघं बसतात. चौथा माणूस "जरा सरका" म्हणतो, तिघं कुरकुरत का होईना पण सरकतात, आणि तो अर्धा बाकावर, अर्धा अधांतरी असा टेकतो. त्याचा हा हक्क सहसा कुणी नाकारत नाही. फर्स्ट क्लासमध्ये हेच वाक्य म्हणून पाहा. पासाच्या पैशात आख्खा बाक विकत घेतल्यासारख्या तीन नजरा तुमच्याकडे वळतील. डबा बदलला की नियम बदलतो, आणि पाटी मात्र कुठेच लागलेली नसते.

एसटीत रुमालाला मान आहे. गाडी स्थानकात शिरता शिरता खिडकीतून आत पडलेला रुमाल, पिशवी किंवा वर्तमानपत्र म्हणजे ताबा. त्यावरून भांडणं होतात, पण रुमाल उचलून बाहेर फेकणारा माणूस विरळाच. गंमत अशी की ज्या बसमध्ये रुमालाला जागा मिळते, त्याच बसमध्ये रुमाल टाकायला न जमलेली आजी बोचकं घेऊन मधल्या वाटेत बसलेली दिसते.

प्रत्येक शहराच्या बसमध्ये, रेल्वेत, मेट्रोत असे नियम असतात. टोकियोच्या रेल्वेत फोन वाजू द्यायचा नाही आणि त्यावर बोलायचंही नाही. गर्दी असेल तर पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यायची. लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि घाईत असलेल्यांना डावी बाजू मोकळी ठेवायची. अनोळखी माणसाशी नजरानजर झालीच तर दोघांनीही छतालगतच्या जाहिराती वाचू लागायचं. न्यूयॉर्कमध्ये आतले लोक उतरेपर्यंत दारासमोर उभं राहायचं नाही. परदेशी जाऊन आलेले आपले नातेवाईक हे सगळं मोठ्या कौतुकानं सांगतात आणि शेवटी "आपल्याकडे शिस्तच नाही" असं म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. दादरला उतरणाऱ्यांनी दोन स्टेशनं आधीपासून दाराकडे सरकायला लागणं, पुढच्या माणसाला "दादर का?" असं विचारून रांग लावणं, ही शिस्तच आहे. ती फक्त दुसऱ्या कामासाठी घडलेली आहे.

आरोग्याच्या सदरात हे सगळं कशाला, असं कुणी विचारेल. या सगळ्या नियमांमधला एक नियम थेट शरीराशी जोडलेला आहे, म्हणून. कुणी बसायचं आणि कुणी उभं राहायचं, हा तो नियम. आणि जवळजवळ प्रत्येक शहरानं तो एकाच पद्धतीनं सोडवलेला आहे: डोळ्यांना जे दिसतं त्यावरून. पांढरे केस, काठी, पुढे आलेलं पोट, कडेवरचं मूल. हे दिसलं की उठायचं. ज्याचं काही दिसत नाही, त्यानं उभं राहायचं.

उभं राहायला शरीराला बरंच काम करावं लागतं. आपण उठून उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणामुळे पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मेंदूचा रक्तपुरवठा टिकवायचा तर खालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जाव्या लागतात, हृदयाचे ठोके वाढावे लागतात आणि पोटऱ्यांच्या स्नायूंनी रक्त वर ढकलावं लागतं. चालताना पोटऱ्या हे काम आपोआप करतात. खचाखच भरलेल्या डब्यात पाय हलवायलाच जागा नसते, त्यामुळे हा पंप बंद पडल्यासारखा होतो. त्यात उकाडा असेल तर त्वचेखालच्या रक्तवाहिन्या अंग थंड ठेवण्यासाठी रुंदावतात आणि रक्तदाब आणखी उतरतो. सकाळी सहाची गाडी पकडायची म्हणून न्याहारी झालेली नसते. कितीतरी बायका तर वाटेत स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. चक्कर येण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती मुद्दाम तयार करायची म्हटली तरी जमणार नाही.

गर्दीतल्या चक्करीचा एक वेगळा धोका आहे. एरवी माणूस चक्कर येऊन पडतो आणि आडवा होताच मेंदूकडे पुन्हा रक्त जातं, बहुतेक वेळा मिनिटाभरात शुद्ध येते. निसर्गानं केलेला हा उपायच म्हणायचा. लोकलमध्ये पडायलाच जागा नसते. बेशुद्ध होत असलेला माणूस आजूबाजूच्या अंगांच्या आधारानं उभाच राहतो, किंवा भल्या हेतूनं चौघं त्याला काखेत धरून उभं ठेवतात. यात मेंदूचा रक्तपुरवठा परत यायला उशीर होतो आणि कधी कधी फिट आल्यासारखे झटकेही येतात. अशा वेळी त्याला उभं धरून "वारा सोडा, वारा सोडा" म्हणण्यापेक्षा चार माणसांनी मागे सरून त्याला खाली आडवं करणं जास्त महत्त्वाचं असतं.

आता हे कुणाला होतं ते पाहा. गरोदरपणात रक्तदाब पहिल्या तिमाहीतच उतरू लागतो. मळमळ, उलट्या आणि पराकोटीचा थकवा याच काळात सर्वांत जास्त असतो. पोट मात्र अजिबात दिसत नसतं. म्हणजे बसण्याची गरज जेव्हा फार असते तेव्हा ती कुणाला दिसत नाही. आपल्याकडे तर तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत बातमी घराबाहेर सांगायची नाही, अशी रीत आहे. सासरच्या मावशीला जे सांगायचं नाही, ते डब्यातल्या वीस अनोळखी बायकांना कसं सांगणार? ती मुलगी मग दांड्याला धरून, तोंडावर रुमाल दाबून उभी राहते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधल्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. ही जवळजवळ सगळी मंडळी बसस्टॉपवर धडधाकटच दिसतात. मधुमेहामुळे पायांच्या नसा बधिर झालेला पंचेचाळिशीचा माणूस गाडीच्या हिसक्यासरशी तोल सावरू शकत नाही, कारण तळव्याखाली काय चाललंय हे त्याला नीट कळतच नाही. परळच्या टाटा रुग्णालयात केमोथेरपी घेऊन लोकलनं घरी परतणारे रुग्ण रोज प्रवास करतात. टोपी किंवा स्कार्फ काढला तरच त्यांचं दुखणं दिसतं. हर्नियाचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झालेला तरुण, गुडघ्याचं कूर्चा झिजलेली पण केस रंगवणारी बाई, पाळीच्या दुखण्यानं कळवळणारी कॉलेजातली मुलगी, नव्यानं रक्तदाबाची गोळी सुरू झालेला गृहस्थ. डोळ्यांच्या नियमात यांतलं कुणीच बसत नाही.

पाटी लावून हा प्रश्न सुटतो का? जपाननं हे इतक्या तऱ्हांनी करून पाहिलं आहे की तो अनुभव मला फार उपयोगाचा वाटतो. तिथल्या राष्ट्रीय रेल्वेनं १५ सप्टेंबर १९७३ रोजी, ज्येष्ठांच्या सन्मान दिनी, टोकियोच्या चुओ मार्गावर वृद्ध आणि अपंगांसाठी 'सिल्व्हर सीट' सुरू केल्या. पुढे अशा जागा देशभर झाल्या आणि एक नवी अडचण आली. राखीव जागा चार आहेत म्हटल्यावर बाकीच्या चाळीस जागांवर बसलेल्यांना आपण सुटलो असं वाटू लागतं. ओसाका भागातल्या हांक्यू रेल्वे कंपनीनं १९९९ मध्ये यावर धाडसी उपाय केला. तिनं राखीव जागाच काढून टाकल्या आणि सांगितलं, आता गाडीतली प्रत्येक जागा गरजवंताची. दिसला की उठा. कल्पना सुंदर होती. आठ वर्षांनी, २००७ मध्ये, कंपनीनं राखीव जागा परत आणल्या, कारण लोक उठत नव्हते. योकोहामाच्या भुयारी रेल्वेनंही २००३ मध्ये सगळ्याच जागा प्राधान्याच्या ठरवल्या आणि पुढे त्यातल्या काहींना 'सर्वाधिक प्राधान्याच्या' असं नाव द्यायची वेळ आली. उलट उत्तरेकडच्या साप्पोरो शहरात या जागांना 'प्राधान्याच्या' न म्हणता 'केवळ त्यांच्यासाठीच्या' असं म्हणतात, आणि तिथे गर्दीतही त्या रिकाम्या दिसतात.

देश एक, भाषा एक, शिष्टाचाराबद्दलची ख्यातीही एक; तरी तीन शहरांत तीन निकाल लागले. 'संस्कारांचा' प्रश्न आहे असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी यावर थोडा विचार करायला हरकत नाही. आणि साप्पोरोचा रिकामा बाक कितीही शिस्तीचा वाटला तरी पहिल्या तिमाहीतल्या बाईला तिथे बसायचा धीर होईल का, हा प्रश्न उरतोच. सगळा डबा बघत असताना त्या बाकावर जाऊन बसायचं म्हणजे आपण आजारी आहोत हे जाहीर करणंच झालं.

आपल्याकडेही राखीव जागांचा हा दुसरा परिणाम ओळखीचा आहे. दिल्ली मेट्रोत २०१० पासून स्त्रियांसाठी वेगळा डबा आहे आणि तो चांगलाच आहे. पण सर्वसाधारण डब्यात उभ्या असलेल्या बाईला "तुमचा डबा पुढे आहे" असं सुनावणारे महाभागही त्यातूनच तयार झाले. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर स्त्रिया आणि कर्करोगाचे रुग्ण प्रवास करू शकतात. हे अनेकांना माहीतच नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना त्या डब्यात चढल्यावर "तुम्हाला काय झालंय?" या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं.

यावर काही शहरांनी बिल्ल्याचा मार्ग काढला. लंडनच्या वाहतूक संस्थेनं २००५ मध्ये 'बाळ गाडीत आहे' अशा अर्थाचा बिल्ला गरोदर स्त्रियांना मोफत द्यायला सुरुवात केली. त्यामुळे बसलेल्या माणसाची एक मोठी पंचाईत मिटली. समोरची बाई गरोदर आहे की नुसतीच स्थूल, हे ठरवताना चुकण्याच्या भीतीनं भले लोकही मोबाइलमध्ये डोकं घालत असत. २०१७ मध्ये त्याच संस्थेनं न दिसणाऱ्या आजारांसाठी 'कृपया मला बसायला जागा द्या' असा दुसरा बिल्ला आणला. जपानमध्ये २००६ पासून गरोदर स्त्रियांसाठी खूण आहे, आणि टोकियो प्रशासनानं २०१२ मध्ये 'मदत खूण' आणली: लाल पट्टी, तिच्यावर पांढरा क्रॉस आणि खाली बदाम. कृत्रिम सांधा बसवलेले, आतल्या अवयवांचे आजार असलेले, नुकत्याच गरोदर असलेल्या स्त्रिया, कुणीही ती पिशवीला अडकवावी. दक्षिण कोरियातल्या बुसान शहरात तर २०१६ मध्ये एक छोटं यंत्रच आलं. गरोदर बाई ते जवळ बाळगून गाडीत चढली की राखीव जागेजवळचा गुलाबी दिवा लागतो. तोंडानं कुणालाच काही बोलावं लागत नाही.

तोंडानं बोलावं लागू नये, यासाठी एवढी खटपट का करावी लागली? कारण त्या शहरांतल्या वाहनांचा सर्वांत मोठा अलिखित नियम म्हणजे अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. या नियमाला अर्थ आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये या वागण्याचं वर्णन केलं. समोरच्याची दखल घ्यायची, पण लगेच नजर काढून घ्यायची, म्हणजे त्याला त्याचं खासगीपण मिळतं. दुसऱ्याचा खांदा आपल्या खांद्याला लागत असताना निदान नजर तरी लांब ठेवायची, असा हा समझोता आहे. शरीराला त्याची गरजही असते. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेनं जाणाऱ्या शंभरावर प्रवाशांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी तपासलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आख्खा डबा किती भरलाय यापेक्षा आपल्या अगदी शेजारची जागा भरली आहे का, याचा ताणाशी जास्त संबंध दिसला. तिघांच्या बाकावर मधली जागा रिकामी ठेवून लोक उभे राहतात, त्यामागचं कारण हेच. (आपल्या चौथ्या सीटवर हा अभ्यास व्हायला हवा. पण तिथे लाळ गोळा करायला हात वर कसा करणार!)

गप्प राहण्याचा हा नियम किती घट्ट असतो, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवलं. काम साधं होतं. बसलेल्या अनोळखी माणसासमोर उभं राहायचं आणि कोणतंही कारण न देता म्हणायचं, मला तुमची जागा द्याल का? विद्यार्थी आधी तयारच होईनात. ज्यांनी केलं ते हादरून परतले. मिलग्रॅम यांना वाटलं, मुलं फारच नाजूक आहेत, म्हणून ते स्वतः गेले. तर पहिल्याच माणसासमोर त्यांचे शब्द घशात अडकले. अखेर जागा मिळाली तेव्हा ते मान खाली घालून बसले. आपण मागितलं त्याला काहीतरी कारण आहे असं दिसावं, या दडपणाखाली त्यांना खरोखरच आजारी वाटू लागलं.

आणि निकाल? कारण न सांगता मागितलं तेव्हा ६८ टक्के लोकांनी उठून किंवा सरकून जागा दिली. 'उभ्यानं पुस्तक वाचता येत नाही' असं फुटकळ कारण सांगितलं तेव्हा मात्र प्रमाण ४२ टक्क्यांपर्यंत खाली आलं. पडेल कारण ऐकून लोकांना नाही म्हणायची संधी मिळाली. काहीच कारण नसताना बहुधा त्यांनी स्वतःच एखादं गंभीर कारण गृहीत धरलं असावं. १९७८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपण तो मिलग्रॅम यांच्या गमतीदार किस्स्यासाठी वाचतो. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते: द्यायला लोक तयार होते, जीव मागणाऱ्याचा जात होता.

पुढे फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा बोन्स यांनी २००८ मध्ये हेच दुसऱ्या वाटेनं दाखवलं. अनोळखी लोकांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची होती. ठरलेल्या संख्येइतके होकार मिळवायला साधारण वीस जणांना विचारावं लागेल, असा सहभागी विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दहाच्या आसपास लोकांना विचारून काम झालं. मदत मागणाऱ्याला नकाराची भीती दिसते. ज्याला विचारलं जातं त्याला समोरच्याच्या तोंडावर नाही म्हणणं किती अवघड आहे, हे दिसतं. आपण मागताना ही दुसरी बाजू विसरतो.

आता पुन्हा आपल्या लोकलकडे येऊ, कारण मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. टोकियो आणि लंडनला ज्यासाठी बिल्ले काढावे लागले, ते बोलणं मुंबईच्या लोकलमध्ये दिवसभर चालू असतं. बसलेल्या माणसाला "कुठे उतरणार?" असं विचारायला इथे कुणालाही संकोच वाटत नाही. तो "ठाणे" म्हणाला की ठाण्यानंतरची ती जागा विचारणाऱ्याची झाली. मधल्या काळात दुसऱ्या कुणी विचारलं तर बसलेलाच सांगतो, "यांना दिली आहे." साक्षीदार नाही, पावती नाही, तरी शब्द पाळला जातो. रोजच्या गटांमध्ये तर अर्ध्या वाटेत बसलेले उठतात आणि उभे असलेले बसतात. अनोळखी माणसाकडे जागा मागण्याची इतकी रुळलेली पद्धत दुसऱ्या कोणत्या शहरात असेल, असं मला वाटत नाही.

फक्त या पद्धतीत क्रम चालतो, गरज चालत नाही. आधी कुणी विचारलं ते पाहिलं जातं. "मला बरं वाटत नाहीये, बसू का?" हे वाक्य त्याच डब्यात, त्याच माणसांना, तितक्या सहज विचारलं जात नाही. विशेषतः शिकलेल्या, शहरी माणसाला ते फार जड जातं. खेड्यातल्या बसमध्ये एखादी आजी "सरक रं बाळा, गुडघं लई दुखाया लागल्यात" म्हणते आणि बसते. तिला त्यात कमीपणा वाटत नाही. आपल्याला मात्र दुखणं सांगणं म्हणजे भीक मागणं वाटतं. जागा आगाऊ ठरवून घेणं हा व्यवहार झाला, आणि व्यवहारात लाज नसते. ही लाज आरोग्याला महाग पडते.

डोळ्यांच्या नियमाचा आणखी एक तोटा उलट दिशेनं होतो. बसलेल्या तरुणाला "उठ की, वय काय तुझं!" असं दरडावणारे काका आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या तरुणाला मिरगी असेल, त्यानं कालच रक्त चढवून घेतलं असेल, तो रात्रपाळी करून सलग चौदा तास जागा असेल. त्यानं ते आख्ख्या डब्याला का सांगावं? नियमाचं हे आंधळेपण सरकत्या जिन्यावरही दिसतं. घाईच्या लोकांसाठी एक बाजू मोकळी सोडणं किती सभ्य वाटतं! पण पक्षाघातानं एका बाजूची ताकद गेलेल्या माणसाला धरायला नेमका मोकळ्या बाजूचाच कठडा लागला, तर मागचे लोक त्याच्यावर वैतागतात. टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. म्हणजे एका शहरात ज्याची सोय होते त्याची दुसऱ्या शहरात गैरसोय. जपानच्या सायतामा प्रांतानं २०२१ मध्ये आणि नागोया शहरानं २०२३ मध्ये जिन्यावर दोन्ही बाजूंना उभंच राहावं असा नियम केला, त्यामागे पडण्याच्या धोक्याबरोबर हाही विचार होता. लंडनच्या होबर्न स्थानकात २०१५ मध्ये दोन्ही बाजूंना उभं राहण्याचा प्रयोग केला, तेव्हा गर्दीच्या वेळी जिन्यावरून जवळपास ३० टक्के जास्त लोक वर गेले. तरीही लोक चिडले. सवयीचा सौजन्याचा नियम मोडायला सांगितलं की माणसं आकडे ऐकत नाहीत.

म्हणून मला वाटतं, जागा मिळण्यासाठी नजरेवर विसंबण्याऐवजी मागण्यावर विसंबावं. आपल्याकडे बिल्ला चालेल का? रेल्वेनं, बेस्टनं, पीएमपीनं जरूर करून पाहावा. खर्च जवळजवळ नाहीच. पण तोवर थांबायचं कारण नाही, कारण "कुठे उतरणार?" विचारणाऱ्या तोंडाला आणखी एक प्रश्न सहज जमेल.

मागताना सगळ्या डब्याला उद्देशून मागू नये. "कुणीतरी जागा द्या हो" म्हटलं की प्रत्येकाला दुसरा कुणीतरी उठेल असं वाटतं. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ पासून केलेल्या प्रयोगांमधून हे वारंवार दिसलं आहे: बघणारे जितके जास्त, तितकी एकेकावरची जबाबदारी पातळ. एकाच माणसाकडे बघून, "दादा, मला चक्कर येतेय, बसू का?" किंवा "ताई, तब्येत बरी नाही, थोडा वेळ जागा देता?" एवढं पुरे. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. ज्याला विचारलं त्यानंही ते विचारू नये. आपल्यालाही उठणं शक्य नसेल तर "मलाही उभं राहता येत नाही" असं स्पष्ट सांगावं आणि शेजारच्याला हाक मारावी. नकार देणाऱ्यालाही दुखणं असू शकतं, हे मागणाऱ्यानं धरून चालावं.

चक्कर अचानक आल्यासारखी वाटली तरी बऱ्याचदा मिनिटभर आधी सूचना मिळते: घाम फुटतो, जांभया येतात, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. तेव्हाच मागायचं. जागा मिळेपर्यंत एक पाय दुसऱ्यावर तिढा घालून मांड्या आणि नितंब घट्ट आवळावेत, दांडा पकडून मुठी आवळाव्यात. पायांत साठलेलं रक्त यानं वर ढकललं जातं आणि पुष्कळदा चक्कर टळते. गरोदरपणात किंवा पाय नीट टेकत नसतील तर पायांचा तिढा न घालता नुसते स्नायू आवळावेत. तेवढ्यानं भागत नसेल तर सरळ खाली बसावं, कपडे मळतील याचा विचार करू नये. लंडनची वाहतूक संस्था प्रवाशांना सांगते की बरं वाटत नसेल तर दोन स्टेशनांच्या मध्ये साखळी ओढण्याऐवजी पुढच्या स्थानकावर उतरा, तिथे मदत लवकर मिळते. आपल्या गर्दीत उतरणं सोपं नाही, पण दारातल्या मंडळींना "पेशंट आहे, उतरू द्या" असं सांगितलं की वाट होते, हे रोज लोकलनं जाणाऱ्या कुणालाही विचारा. आणि दारात उभं असताना अंधारी आली तर आधी आत सरायचं. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात, त्यातली कित्येक धावत्या गाडीतून पडून.

छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, बोलणं अडखळत असेल किंवा शुद्ध मिनिटभरात परतली नाही, तर प्रश्न जागेचा राहत नाही. अशा वेळी रेल्वेच्या १३९ वर किंवा रुग्णवाहिकेच्या १०८ वर फोन करायचा. तो कुणी करायचा, हेही डब्यातल्या एकाकडे बोट दाखवूनच सांगायचं.